रमाबाईंची प्रार्थना आणि मुक्तिसदनाचा जमाखर्च

प्रार्थना हे दुबळ्या मनाचे सांत्वन होय, असे मानणारा एक वर्ग सुशिक्षितांत आहे. श्रद्धेने हात जोडले की अडलेले काम आपोआप होते, असे मानणारा दुसरा वर्ग श्रद्धावंतांत आहे. दोघांची मते परस्परविरोधी दिसली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. प्रार्थना आणि परिश्रम या भिन्न गोष्टी असून एक असेल तेथे दुसरीची गरज नसते, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतक कितपत खरे आहे हे पाहावयाचे असेल, तर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे निधन पावलेल्या पंडिता रमाबाईंचे चरित्र जिज्ञासूने अवश्य तपासावे. प्रार्थनेवर इतका एकाग्र भर देणारी आणि त्याच वेळी धान्य, सूत, शाई व दूध यांचा रोजचा व्यवहार इतक्या दक्षतेने सांभाळणारी दुसरी व्यक्ती आधुनिक महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण आहे.

बीडसारख्या जिल्ह्यातील वाचकाला या चरित्राशी आपला काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु हा संबंध दुष्काळाचा आहे, आणि दुष्काळाशी बीडचे नाते कोणी सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सहा लाखांहून अधिक होती. १९०१ च्या जनगणनेत ती पाच लाखांच्याही खाली आली. या एका घसरणीत १८९९-१९०० च्या दुष्काळाचा सारा इतिहास साठवलेला आहे. उजाड झालेल्या त्याच काळाने केडगावची मुक्ती ही संस्था घडविली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. स्त्रीने संस्कृत शिकावे हे त्या काळी अब्रह्मण्य मानले जात असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला शिकविले. कुटुंबाचे जीवन तीर्थयात्रेचे होते. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, मिळेल त्या शिध्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले आणि १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. व्रते, उपवास, स्नाने, जप यांपैकी काहीही करावयाचे राहिले नव्हते. तरीही वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा रमाबाईंच्या मनातला परंपरागत विश्वास जवळजवळ संपुष्टात आला होता.

हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे प्रार्थनेची थोरवी सांगणाऱ्या या बाईने अनुत्तरित प्रार्थनेचा अनुभव कोवळ्या वयात घेतला होता. उपाशी माणसाला श्रद्धेचा उपदेश करणे किती सोपे असते आणि तो ऐकणे किती अवघड असते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कलकत्त्याच्या विद्वत्सभेने तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती असे सर्व आधार तुटलेली ही तरुण विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, असे सांगितले.

वैद्यकाच्या शिक्षणाच्या उद्देशाने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची जी सेवा करीत, ती पाहून रमाबाई विचारात पडल्या. पतिता ठरलेल्या स्त्रीला पुन्हा माणसांत आणण्याचे असे संघटित कार्य त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात या घटनेने मोठी खळबळ उडाली. तथापि त्यांचे हे धर्मांतर आंधळे नव्हते. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची अधिकारव्यवस्था, चमत्कार या विषयांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी व चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी जो वादविवाद पत्रांतून केला, तो पाहता चर्चलाही ही शिष्या पचविणे सोपे गेले नसावे.

१८८६ मध्ये आप्तसंबंधी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेत गेल्या. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या मंडळाने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले गेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या त्याच सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा करार होता. रमाबाई आपली प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत. काही मुली कुतूहलाने आत येऊन बसू लागल्या. दार उघडे ठेवणे हा करारभंग होतो की नाही, हा प्रश्न पुण्यात चांगलाच गाजला. केसरीने टीकेची झोड उठविली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचे अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. याबाबत दोन्ही बाजूंना न्याय द्यावयाचा तर असे म्हणावे लागेल की, स्वतःची उपासना लपवून करण्याचे बंधन कोणावर घालता येत नाही. पण संस्थेची चालिका ज्या दालनात गुडघे टेकते त्या दालनाचे आकर्षण निराश्रित मुलीला वाटणारच, हेही नाकारता येत नाही.

याच सुमारास रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेत पालट घडत होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, परंतु ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते जडले नाही. १८९१ च्या या अनुभवानंतर प्रार्थना हे त्यांच्या दिनक्रमाचे केंद्र बनले. ब्रिस्टल येथे सुमारे दहा हजार अनाथ मुलांचा आयुष्यभरात सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये मिशन उभारणारे हडसन टेलर यांच्या चरित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. वर्गणीसाठी कोणाकडे हात पसरावयाचा नाही, गरज परमेश्वरापुढे मांडावयाची आणि मिळेल ते विश्वस्ताच्या निष्ठेने खर्च करावयाचे, ही म्यूलर यांची पद्धत होती.

रमाबाईंची प्रार्थना सर्वसाधारण मंगलकामनेची नव्हती. तिला संख्या असे, नाव असे आणि मुदतही असे. चरित्रकार सांगतात की, १८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरास त्या आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह गेल्या असता, पुढील शिबिरापर्यंत या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, अशी मागणी त्यांनी परमेश्वराजवळ केली. या हिशेबी प्रार्थनेला कोणी हसेलही. पण त्यानंतर काही महिन्यांतच मध्यप्रांतात दुष्काळ पडला आणि मागणीचा खरा अर्थ पुढे आला. मुली मागणे म्हणजे त्यांच्या पोटाची जबाबदारी मागणे. शारदा सदनाची तरतूद सुमारे पन्नास विधवांपुरती होती. रमाबाई तरीही दुष्काळी मुलखात गेल्या. लहानपणी स्वतः सोसलेली उपासमार त्यांना तेथे प्रत्येक सांगाड्यात दिसली असली पाहिजे. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन त्या परतल्या.

परतल्या त्या प्लेगच्या तोंडी. १८९७ मध्ये पुण्यात साथीमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. सुदैवाने पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी अगोदरच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. ओसाड माळ, चार झाडे आणि तंबू एवढ्यावर वस्ती सुरू झाली. सप्टेंबर १८९८ मध्ये तेथील मुक्तिसदनाचे रीतसर उद्घाटन झाले. पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. गुजरात, राजपुताना आणि अन्य भागांतून मुली येत राहिल्या, आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांची वस्ती म्हणजे एक लहान गावच. त्याला पाणी हवे, म्हणून विहिरी खोदल्या गेल्या. धान्य हवे, म्हणून जमीन लागवडीखाली आणली. वस्त्र हवे, म्हणून माग बसविले. तेलाचा घाणा, गोठा, धोबीकाम, शिवणकाम, छापखाना असे उद्योग उभे राहिले, आणि ते चालविणाऱ्या सर्व स्त्रिया होत्या. आश्रितांच्या प्रकारानुसार स्वतंत्र सदने झाली. फसविल्या गेलेल्या व टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, तर अंध मुलींसाठी मनोरमाबाईंच्या देखरेखीखाली ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. भीक न घालता हाताला काम देऊन अन्न द्यावे, हे दुष्काळनिवारणाचे तत्त्व शासकीय संहितांत होतेच; रमाबाईंनी त्याला शिक्षणाची जोड दिली. सरकारी कामावर खडी फोडून मजूर दुष्काळ संपताच होता तेथेच परतत असे. मुक्तीतून बाहेर पडणारी मुलगी विणकर, शिक्षिका, परिचारिका किंवा जुळारी होऊन निघे. दुष्काळात माणसे मरतात ती बहुधा अन्न नसल्यामुळे नव्हे, तर अन्नावर हक्क सांगण्याची ऐपत नाहीशी झाल्यामुळे, असे प्रतिपादन अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये केले. त्या ऐपतीत ज्ञान आणि कौशल्य यांचा वाटा मोठा, हे रमाबाईंनी त्याच्या आठ दशके आधी कृतीने दाखविले होते.

मग या व्यवहारात प्रार्थनेचे स्थान कोणते? येथे भाबडेपणा टाळावयास हवा. १८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि नवे मंडळ उभे राहिले. त्याचे वार्षिक अहवाल निघत. पुढे ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे इंग्रजी नियतकालिक केडगावच्या छापखान्यातून देशोदेशींच्या मित्रांकडे जाऊ लागले. म्हणजे मागणे परमेश्वराजवळ असले तरी मुक्तीत काय चालले आहे, याचे वर्तमान माणसांपर्यंत पोहोचत होते. संशयी वाचक म्हणेल की, धान्य आणणारी प्रार्थना नव्हे, टपाल होते. श्रद्धावान म्हणेल की, टपाल वाचून ज्याचे हृदय द्रवले त्याला द्रवविणारा कोण? हा वाद अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु एक गोष्ट कक्षेच्या आत आहे. ठरावीक उत्पन्न नसलेल्या संस्थेने उद्याची खात्री नसताना आजच्या भुकेल्याला दार बंद केले नाही. कोणताही सावध कारभारी पन्नासावर थांबला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता. हिशेबाच्या पलीकडे पाऊल टाकण्याचे धैर्य रमाबाईंना प्रार्थनेने दिले, आणि पाऊल टाकल्यावर मात्र त्यांनी हिशेब काटेकोर ठेवला.

१९०५ च्या आरंभी मुक्तीत एक प्रार्थनामंडळ निघाले. प्रारंभी सुमारे सत्तर जणी रोज एकत्र जमत. काही महिन्यांत ही संख्या पाचशेच्या पुढे गेली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता तेव्हा जगभर पसरत होत्या. जूनअखेर केडगावातही तशीच लाट उसळली. मुली रडत, पापे कबूल करीत, आनंदाने गात. पुढे काही जणी अपरिचित भाषांत बोलू लागल्या. या प्रकारांकडे अनेक मिशनऱ्यांनीही साशंकतेने पाहिले. रमाबाईंनी ते दडपले नाहीत. पण या जागृतीची अधिक टिकाऊ बाजू वेगळीच होती. प्रत्येक मुलीकडे नावांची एक यादी असे. कोणासाठी प्रार्थना करावयाची ते नाव घेऊन करावयाची, आणि ती रोज करावयाची. अशा याद्यांत संस्थेतील मैत्रिणींपासून दूरच्या अपरिचितांपर्यंत हजारो नावे होती. दुष्काळात जिचे स्वतःचे नाव विचारणारे कोणी उरले नव्हते, त्या मुलीने दुसऱ्याचे नाव आठवणीने घेणे, यात मनाची एक शाळा होती. एकाग्र प्रार्थनेचा पहिला परिणाम प्रार्थना करणाऱ्यावर होतो, हे तत्त्व नास्तिकालाही मान्य करण्यास हरकत नसावी. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, ही परंपरा ज्या मराठी मनाला ठाऊक आहे, त्याला केडगावच्या मागावरची आणि छापखान्यातली उपासना परकी वाटण्याचे कारण नाही.

तथापि सर्वांत कठीण आक्षेप टाळून हे चरित्र पुरे होत नाही. ज्या मुलीला अन्न, वस्त्र आणि निवारा एकाच हातून मिळतो, तिने त्या हाताचा धर्म स्वीकारला तर ती निवड स्वतंत्र म्हणावी काय? हा आक्षेप केवळ द्वेषमूलक ठरवून झटकता येणार नाही. देणारा आणि घेणारा यांच्या बळात एवढी विषमता असली की संमतीचा अर्थ पातळ होतो, हे बाजाराचा अभ्यास करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि रमाबाईंनी ते कधी लपविले नाही, हे खरे; पण उघडपणाने विषमता मिटत नाही. मात्र आक्षेप घेणाऱ्या समाजाकडेही एक प्रश्न उरतो. त्या मुली मध्यप्रांतातल्या वाटांवर पडल्या होत्या, तेव्हा दुसरे दार किती ठिकाणी उघडे होते? कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी कार्य सुरू केले, ते या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर होते. अशी उत्तरे थोडी होती, म्हणून रमाबाईंचे दार इतके मोठे दिसले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातील स्त्रीला कळत नाही, असे त्यांचे मत होते. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळून, हिब्रू व ग्रीक शिकून, संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. एका व्यक्तीने, तेही स्त्रीने, केलेले असे काम जगातही विरळा. जुळणी आणि छपाई मुक्तीतील मुलींनी केली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवावयाची त्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हा आघात सोसून रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. अनुवाद पुरा झाला आणि एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये समग्र प्रसिद्ध झाला. एकुलती मुलगी जगावी अशी प्रार्थना त्यांनी केली नसेल असे कोण म्हणेल? ती प्रार्थना फळली नाही, तरी दुसऱ्या दिवसाचे काम थांबले नाही. श्रद्धेची कसोटी लागते ती मागितलेले मिळाले नाही त्या दिवशी.

केडगाव ज्या दौंड तालुक्यात आहे, त्या उसाच्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, उचल घेतलेली, पोरे पाचटाच्या खोपीत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या विवाहितांसह सर्व स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती. रमाबाईंनी ज्या बालिकांसाठी शारदा सदन उघडले, त्यांच्या दुःखाचा एक भाग सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या शिवारात शिल्लक आहे, असाच याचा अर्थ.

रमाबाईंचा धर्म स्वीकारावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुक्ती ही संस्था आजही केडगावात चालू आहे. ज्यांना पाहावयाची त्यांनी पाहावी. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेचे व्याकरण सर्वांना शिकता येण्याजोगे आहे. मागावयाचे ते नेमके मागावे, ज्यांच्यासाठी मागावयाचे त्यांची नावे ठाऊक असावीत, आणि मागणे पुरे होईल तेव्हा येणाऱ्या माणसाच्या ताटाची सोय लावण्यास आपण स्वतः उभे असावे. बीडच्या शाळांतून दिवाळीनंतर ज्या मुलींची नावे हजेरीपटावर राहतात आणि ज्या मुली बाकावरून नाहीशा होतात, त्यांची यादी प्रत्येक शिक्षकापाशी असते. ती यादी रोज लक्षपूर्वक वाचणे आणि वाचून स्वस्थ न बसणे, यालाही प्रार्थना म्हणण्यास रमाबाईंची हरकत नसती.